समोर वर्ग नसलेला पाठ

दुसऱ्या पाठाचे एकोणचाळीस व्हिडिओ आले होते. चाळिसावा, रोहिणीचा, येईना.

शुक्रवारी दुपारी प्राचार्यांचा तिसरा फोन आला. "मॅडम, पाठांची लिस्ट विद्यापीठाला पाठवायचीय. एकीसाठी किती थांबायचं?"

"सर, सोमवारपर्यंत द्या."

"सोमवारी दहाला लिस्ट जाणार. मग मला सांगू नका."

लिस्टमध्ये नाव नसलं की परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे रोहिणीचं वर्ष गेलं.

मी कोल्हापुरात बी.एड.ला शिकवायचे. आता निवृत्त आहे. बी.एड. म्हणजे मास्तर घडवायचा कारखाना. आमच्या विद्यार्थ्यांना छात्राध्यापक म्हणतात. त्यांनी खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांना शिकवायचं, तो सराव पाठ. मागच्या बाकावर मी आणि त्यांचेच चार वर्गमित्र वह्या घेऊन बसणार आणि पाठ कसा झाला ते लिहिणार.

मला या कामाचा भारी नाद. शाळेतली पोरं लबाड असतात. नवी बाई अडखळली तर तिला सांभाळून घेतात, येत नसलेल्या उत्तरालाही हात वर करतात. तास संपला की माझ्या वहीत डोकावून विचारतात, "बाई, आमच्या बाईंना किती मार्क दिलासा?" एका तासात ती 'आमच्या बाई' झालेली असते. तीस वर्षं हे ऐकलं, तरी दर वेळी पोटात गोड व्हायचं.

कोरोनाच्या त्या वर्षी शाळांना कुलपं. पाठ व्हिडिओवर घ्या असं वरून आलं. प्रत्येकानं घरी मोबाईल लावून दोन पाठ रेकॉर्ड करायचे. चार वर्गमित्रांनी ते बघून ऑनलाइन फॉर्मवर अभिप्राय भरायचा.

पहिल्या पाठांचे अभिप्राय आले आणि माझं डोकंच फिरलं. एकाला शेरा होता, 'फलक लेखन सुवाच्य.' अहो, व्हिडिओत फळा कुठं होता? पाठीमागं फ्रिज होता! कबनूरच्या एका पोरीच्या घरात यंत्रमाग. तिचा निम्मा पाठ खडखडाटात बुडालेला. तिला शेरा काय, तर 'वर्गात शांतता व शिस्त उत्तम.'

कारण मला ठाऊक होतं. सीनियरच्या वहीतले शेरे उतरवून घ्यायचे ही आमच्याकडची पिढीजात इस्टेट. शाळेत ते खपून जायचं, कारण तिथं फळा असायचा आणि पोरंही असायची. शिवाय दोस्ताच्या पाठाला वाईट म्हणायचं नाही हा आणखी एक नियम.

मी मीटिंग लावली आणि चांगलं झापलं. "तुम्हाला फ्रिज फळ्यासारखा दिसतो व्हय रे? उद्या शाळेत जाणार तुम्ही!" मग नवा फॉर्म केला. व्हिडिओतलं मिनिट आणि सेकंद लिहायचे. तिथं काय चुकलं ते लिहायचं. किमान तीन चुका, नाहीतर अभिप्राय परत. सगळे पाठ पुन्हा बघायला लावले. स्वतःवर मी फार खूश होते.

आणि चुका काढा म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस मागं हटतोय होय! धो धो अभिप्राय आले. प्रत्येकाला वाचायला पाठवून दिले. मी वरवर चाळले, बरं वाटलं. दोनच दिवसांत रोहिणीचा मेसेज आला. 'मॅडम, दुसरा पाठ मला जमणार नाही.'

रोहिणी नेसरीची. एकतीस वर्षांची, वर्गात सगळ्यांत मोठी. लग्न झालं आणि शिक्षण थांबलं, ते नऊ वर्षांनी पुन्हा सुरू केलेलं. मग मात्र मी तिचे अभिप्राय नीट वाचले.

'३ मि. १० से. : मध्येच थांबली. नेट गेलं वाटलं.' हा शिरोळकडच्या, जयसिंगपूरच्या अक्षयचा. 'एकूण अकरा वेळा गप्प. एडिट करता आलं असतं.' 'समोर कोणी नसताना शाब्बास म्हणते. हसू आलं.' चौथ्यानं नुसतं लिहिलं होतं, 'वेळेचा अपव्यय.'

मी पाठ लावला. सातवीचा भूगोल, विषय पूर. रोहिणी भिंतीला पाठ लावून उभी. प्रश्न विचारते आणि थांबते. डावीकडं बघते. समोर लांब कुणाकडं तरी मान उंचावून बघते. मग हसते आणि म्हणते, "बरोबर. शाब्बास. बस खाली."

खोटं कशाला सांगू, मलाही आधी हसूच आलं. आणि मग एकदम भरून आलं. भिंतीपुढं उभी राहून बाई वर्ग बघत होती आणि मला तो दिसत होता.

त्या शुक्रवारीच संध्याकाळी मी तिला फोन लावला. "का गं, दुसरा पाठ का नाही?"

"जमना झालंय मॅडम. खरंच लिवलंय त्यांनी. मी येड्यावानी थांबतो."

आमच्याकडं बायकाही 'मी थांबतो' असंच म्हणतात.

"का थांबतेस?"

"तितं पोरं उत्तर देत्यात की मॅडम."

"कुठली पोरं?"

"हसू नगासा. नऊ वरसं भाकरी थापताना मनात वर्ग घेतो मी. बाकावर कोण कुटं बसतंय ते बी ठरल्यालं हाय. यंदा खरा वर्ग मिळंल म्हणून आलतो. तर शाळाच बंद. आता वाटतंय, माज्या नशिबात वर्गच न्हाय." आणि रडायला लागली.

तीस वर्षांची मास्तरीण मी, पण त्या वर्षी मागच्या बाकासाठी मीही जीव टाकत होते. तिला ते सांगायला हवं होतं. पण मी नेहमीसारखं खेकसले, "रडू नको. उद्या अकराला मीटिंगला ये. कॅमेरा बंद ठेव पाहिजे तर."

प्राचार्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तेवढं गप्प बसलेलं कापायला सांगा की. दोन मिनिटांचं काम."

"सर, ते कापलं तर पाठच उरत नाही."

अहो, प्रश्न विचारल्यावर थांबायचं हे पहिल्या महिन्यात मीच शिकवलं होतं! पोरांना विचाराला वेळ द्या, उत्तरावर झडप घालू नका. चाळिसांतल्या एकीनं ते केलं. आणि माझ्याच फॉर्मनं तिच्या अकरा चुका मोजल्या.

शनिवारी सगळे जमले. मी म्हटलं, "पहिल्या महिन्यात कॉलेजातच एकजण पाठ घ्यायचा तेव्हा बाकीचे काय व्हायचे?"

"पोरं व्हायचे मॅडम."

"मग ऑनलाइन आल्यावर तुम्ही परीक्षक कशाला झालात? माईक चालू करा. आज तुम्ही सातवीत."

रोहिणीच्या पहिल्या पाठाचा व्हिडिओ लावला. तिनं प्रश्न विचारला, "आपल्याकडं पश्चिमेला पाऊस जास्त. शिरोळकडं कमी. तरी पूर तिकडं का येतो?" आणि थांबली.

सगळ्यांत आधी अक्षयचा आवाज आला. "बाई, कारण सगळ्या नद्यांचं पाणी आमच्याकडंच येतं. आमच्या मामाच्या घरात... छातीएवढं आलतं."

"बरोबर," स्क्रीनवरची रोहिणी म्हणाली. "शाब्बास. बस खाली."

सगळे हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं. पुढच्या प्रश्नाला चार आवाज, त्याच्या पुढच्याला निम्मा वर्ग. कबनूरची पोरगी मागाच्या खडखडाटात ओरडून उत्तरं देत होती. एका प्रश्नाला कुणालाच येईना, तेव्हा व्हिडिओतली रोहिणी म्हणाली, "घाई न्हाय. विचार करा." आणि आम्ही चाळीसजण गप्प बसून खरंच विचार करत राहिलो.

पाठ संपल्यावर अक्षय म्हणाला, "मॅडम, माझा शेरा खोडा."

"तूच खोड. आणि मला नको, तिला सांग."

रोहिणीचा कॅमेरा बंदच होता. पण रविवारी संध्याकाळी चाळिसावा व्हिडिओ आला. न कापलेला. फॉर्ममधला चुकांचा रकाना मी काढला आणि तिथं 'तुम्ही काय उत्तर दिलंत?' हा प्रश्न टाकला. सोमवारी दहाला लिस्ट गेली. रोहिणी पास झाली, मार्कही चांगले पडले.

शाळा उघडल्या तोवर ती बॅच बाहेर पडली होती. शाळा उघडल्याच्या दिवशी सकाळीच रोहिणीचा फोन आला. "मॅडम, पोरं शाळेत चालल्यात. मी दारात हुबारलोय. मला एक तास मिळंल का हो कुटं? पगार नगं, काय नगं."

निम्मा जिल्हा माझा विद्यार्थी. नेसरीजवळच्या एका वाडीतल्या शाळेचे हेडमास्तरही त्यातलेच. त्यांना फोन केला.

"मॅडम, बाहेरच्या माणसाला वर्गावर पाठवता येत न्हाय. नियमात बसत न्हाय."

"मला नियम शिकवू नका. मीच तुम्हाला शिकवलेत."

"सातवीच्या बाई आज रजेवर हायत. मी वर्गात बसतो. एक तास घेऊ द्या त्यांना."

संध्याकाळी मी विचारलं, "कसा झाला तास?"

"मॅडम, पोरं थांबूच देईनात!" ती हसत होती आणि रडत होती. "प्रश्न पुरा व्हायच्या आत सगळी एकदम वरडत्यात. माजं ठरवल्यालं समदं इस्कटलं बगा. जाताना एक पोरगी म्हनली, बाई, उद्या बी याल न्हवं?"

"मग? काय सांगितलंस?"

"काय सांगनार? उद्या त्यांच्या बाई येनार हायत."

त्या पाठाची नोंद कुठल्याच लिस्टमध्ये नाही. शिक्षक घडवायला मोबाईल चालतो, फॉर्म चालतो, सर्टिफिकेट पोस्टानं घरी येतं. वर्ग तेवढा पोस्टानं पाठवता येत नाही. रोहिणी अजून दर महिन्याला विचारते, कुठं शिक्षकाची जागा निघाली का. मी म्हणते, अजून नाही.