कोठ्यांच्या मागं नेट मरत होतं

सून गच्चीच्या लोखंडी जिन्यावर मधेच बसली होती. एका हातात लॅपटॉप, दुसरा हात पोटाखाली, आणि गाऊनला मागून रक्त लागलेलं. लॅपटॉपमधून कोणी बाई विचारत होती, "तुमचा आवाज तुटतोय, ऐकू येतंय का?" सुनेनं आधी तो लॅपटॉप बंद केला. मग मला, सासूला, म्हणाली, "आत्याबाई, ओरडू नका. गाडी बोलवा."

मी ओरडले नाही. शेजारी माझी जाऊ राहते, तिच्या घरची गाडी दारात होती. मुलाला शेतातून बोलावलं आणि तिला खामगावला नेलं. रस्ता खराब आहे, सगळ्यांना माहीत आहे. ती डोळे मिटून बसली होती. मी हात पुढं केला तर म्हणाली, "मले काही झालं नाही, तुम्ही नीट धरून बसा."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके चालू होते. पण त्यांनी बजावलं, आता पलंग सोडायचा नाही. संडासापुरतं उठायचं, बाकी जेवण, काम, बोलणं सगळं पडून. बाळंतपणाला अजून बरेच महिने होते. याआधीचं एक असंच गेलं होतं, म्हणून त्यांनी सांगितलेलं कोणाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. लोकांच्या विम्याचे कागद तपासायचे आणि रोज कंपनीतल्या वरच्या बाईशी बोलायचं. मागच्या खोलीत बोलणं तुटायचं, म्हणून त्या दिवशी ती मोबाईलचं नेट धरायला गच्चीवर निघाली होती.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "सोडून दे ते काम. लेकरू झाल्यावर पाहू."

ती पलंगावर डाव्या कुशीवर होती. तशीच म्हणाली, "काम सोडलं त दिवसभर मी काय करू? छताकडे पाहू? तिसऱ्या दिवशी उठून भांडे घासाले बसीन. डोक्याले काम असलं त अंग पडून राहते."

मला ते पटलं. आयुष्यभर मी हेच पाहिलं आहे. बाईला नुसतं पडून राहा म्हटलं की ती उठतेच. बाळ टिकवायचं तर सून पडून राहिली पाहिजे, सून पडून राहायची तर तिचं काम पलंगावर आलं पाहिजे, आणि काम यायचं तर नेट मागच्या खोलीत आलं पाहिजे. एवढं समजायला शाळा लागत नाही.

तिला पुढच्या खोलीत हलवता येत नव्हतं. तिथं कापूस छताला टेकला होता. आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, कापसाचा भाव वाढायची वाट पाहत होता. वाय-फायचा डबा त्याच खोलीच्या भिंतीवर, दाराच्या वर. मधल्या खोलीत धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या ओळीनं उभ्या, माणसापेक्षा उंच. त्यांच्या मागच्या भिंतीपलीकडे सुनेची खोली. संडास त्या खोलीला लागून, म्हणून तिथून हलणं नाही.

नेटच्या वायरवाल्याला डबा मागं न्यायला सांगितलं. तो रोज "येतो" म्हणायचा. शेवटी मुलानं खामगावहून दुसरा एक छोटा डबा आणला. पहिल्या डब्याचं नेट धरून पुढं ढकलतो म्हणे. सुनेच्या उशाशी विजेचं बटण होतं, तिथं लावला. दिवा लागला, मुलगा खूश झाला. नेट जसं होतं तसंच.

"फसवलं बे दुकानदारानं," तो म्हणाला.

सून हसली. त्या दिवसांत हसताना ती पोटाला हात लावायची. "दुकानदारानं नाही. इथं नेटच येऊन नाही राह्यलं, त हा डबा ढकलीन काय? कोरड्या विहिरीवर मोटर बसवली तुम्ही."

मग तिनं मला कामाला लावलं. मुलगा शेतातली हळद काढायच्या घाईत होता आणि बुढ्याला डोळ्यांनी कमी दिसतं. माझ्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "आत्याबाई, पुढच्या डब्यापासून हळूहळू माह्याकडे या. वर त्या काड्या दिसतात का? किती हायेत ते मोठ्यानं सांगत या." मला इंग्रजी वाचता येत नाही. काड्या मोजता येतात.

मी डब्याखालून निघाले. "पूर्ण हायेत!" कापसाच्या कडेनं, "पूर्णच!" मधल्या खोलीच्या दारात एक गेली. कोठ्यांसमोर तेवढ्याच राहिल्या. कोठी आणि भिंत यांच्या फटीत मी आडवी घुसले, कोळ्याची जाळी डोक्याला लागली, आणि फोनवर एकच काडी उरली.

"मेलं व हे इथं!" मी फटीतूनच सांगितलं.

"परत पुढं जा. आता पुन्हा मागं या."

अशा तिनं मला फेऱ्या मारायला लावल्या. फोन उंच धरा, आता खाली धरा, आता थांबा. ओलितावर रात्रपाळी करणारा गडी पाणी कुठं मुरतं ते जसं शोधतो, तसं ती पलंगावरून शोधत होती. अंग हलत नव्हतं, आणि सगळं घर तिच्या डोळ्यांपुढं होतं. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं म्हटलं तरी चालेल. लग्न होऊन आली तेव्हा मला ती किडकिडीत वाटली होती.

शेवटी ती म्हणाली, "पत्र्यातून नेट जात नाही. कोठ्या आड येऊन राह्यल्या. त्या सरकवल्या त मधल्या खोलीत चांगलं येईन. तिथं छोटा डबा लावला त माह्यापर्यंत फक्त एक भिंत राहते."

मधल्या खोलीतलं बटणही नेमकं कोठ्यांमागंच होतं.

बुढा ऐकत होता. तो उठून बसला. "भरली कोठी हालवाची नाही. अखजीले रिकामी होते तवाच तिले हात लावतात."

आमच्याकडे तशी रीत आहे, अखजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच कोठी हलवायची. माझ्या सासूनंही भरली कोठी हलवू दिली नाही. त्यात जाऊ आली आणि तिनं आगीत तेल ओतलं. "घरात पोटुशी बाई असताना खिळा ठोकत नाहीत, आन तुम्ही कोठी हालवता? काही झालं त कोणाच्या नावानं रडान?"

"तुह्या नावानं नाही रडत, जाय," मी म्हणाले.

"मी तुमच्या भल्याचं सांगून राह्यली, बाई."

"भलं करायचं असन त टोपलं घे. ज्वारी उपसाची हाये."

बुढा म्हणाला, "बरकत जाईन, बुढे."

"ज्वारी पुढल्या साली होते. हे गेलं त पुढल्या साली होईन का, सांगा मले." तो वाईट माणूस नाही, भ्याला होता. मीही भ्याले होते. पण भीती ज्वारीत ठेवून उपयोग नव्हता.

ताडपत्री अंथरली. जावेनं तोंड वाकडं केलं आणि टोपलंही घेतलं. ज्वारी उपसली, मग गहू. गव्हाच्या तळाशी सोंडे किडे लागले होते, निंबाचा पाला घालूनही. बुढ्यानं मूठभर गहू हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "ह्या किड्यांनी अखजीपर्यंत सगळं खाल्लं असतं." त्यानंतर बरकतीचं नाव त्यानं काढलं नाही. कोठ्या बाजूच्या भिंतीला लावल्या. त्या जागी एक फळी उंच ठोकायची होती. खिळा मीच ठोकला. जाऊ दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

छोटा डबा त्या फळीवर ठेवला, वर काही झाकलं नाही. सुनेनं तशी ताकीद दिली होती. लाइट जाते म्हणून मुलानं दोन्ही डबे इन्व्हर्टरला जोडले. मी फोन घेऊन सुनेच्या पलंगापाशी गेले.

"किती?" तिनं विचारलं.

"एक सोडून सगळ्या."

"पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या बाईचा फोन लागला. मी दारात उभी होते. सून कुशीवर, लॅपटॉप उशीला टेकवलेला, डोक्यावरचे केस नीट केलेले. बोलणं संपेपर्यंत आवाज एकदाही तुटला नाही. समोरच्या बाईला कळलंही नसेल की ही पडून बोलते आहे.

तशीच ती पुढचे महिने राहिली. पाठीला फोड आले, मी तेल लावायचे, ती कागद तपासत राहायची. कधी रक्ताचा डाग दिसला की दिवसभर बोलायची नाही, पण उठली नाही. मी पुष्कळ कष्टाळू बाया पाहिल्या, उन्हात निंदणाऱ्या, डोक्यावर भारे आणणाऱ्या. इतकं स्थिर राहण्याचे कष्ट करणारी दुसरी पाहिली नाही. तिला हे मी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, चहा ठेवा.

दिवस पूर्ण भरले. खामगावलाच बाळंत झाली. खूप रक्त गेलं, रक्त चढवावं लागलं, आणि त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई आमच्याशी थोडंच बोलल्या. मुलगी झाली होती. माय आणि लेक, दोघी जगल्या.