इंग्रजी चुलीचं पोतेरं

डिसेंबरात सकाळी मैदानावर धुकं उतरलं की मला हटकून एक प्रकरण आठवतं. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, बँकेवरचा एक फसलेला घालाही मी पाहिला. पण नातेवाईक जमले आणि ‘एखादी गोष्ट सांगा’ म्हणाले की माझ्या तोंडी हीच येते. यात एका नव्या सुनेच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न होता. नावं मी कुणाचीच सांगणार नाही, ती माणसं आपल्या घरी सुखी आहेत असं मी धरून चालतो.

तेव्हाचं बंगळूर वेगळं होतं. ठाण्यात पंखा नव्हता आणि लागतही नव्हता. सकाळच्या हजेरीला शिपाई एका बाजूने वळवलेल्या टोप्या घालून उभे राहायचे, तोंडातून वाफा निघायच्या, आणि रस्त्यावरून जटक्याच्या घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या. माझं ठाणं दंडूत होतं. जुनी माणसं छावणीच्या भागाला दंडू म्हणत. मी नवा फौजदार. आमचं घराणं मूळचं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्या पेठेत कापडाचं दुकान, त्यामुळे आमच्या घरच्या मराठीत ‘थोडं’ला ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ला ‘सरी’ असलं कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याचे पाहुणे तोंड लपवून हसायचे. हसोत बापडे. त्याच मराठीमुळे मराठी घरातलं कुठलंही लचांड आलं की इन्स्पेक्टरसाहेब ते माझ्या गळ्यात घालायचे.

राज्यांची नवी मांडणी नुकतीच झाली होती. बेळगावकडची मुलं नोकरीसाठी इकडे येऊ लागली होती. साहेबलोक गेल्यावर रिकामे झालेले बंगले मधोमध भिंत घालून भाड्याने दिले जात. अशाच एका बंगल्याच्या निम्म्या भागात एक तरुण राहायचा. सरकारी कारखान्यात कामाला, रात्रपाळी करायचा. घरात विधवा आई आणि त्याच वर्षी लग्न होऊन आलेली बायको.

बंगल्याच्या दुसऱ्या निम्म्यात एक वयस्कर अँग्लो-इंडियन बाई एकट्या राहत. त्या सकाळी हजेरीच्या वेळी टोपी-छत्रीसह ठाण्यात आल्या आणि उभ्याउभ्याच इंग्रजीत सांगू लागल्या. उजाडताना त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर शेजारची सून सासूच्या काखेत हात घालून तिला फरफटत बाहेर आणत होती. म्हातारी शुद्धीवर नव्हती. सुनेने तिला मागच्या अंगणात, त्या गारठ्यात, उघड्या जमिनीवर ठेवलं आणि तिच्या तोंडात काहीतरी कोंबलं. बाई ओरडत धावल्या, जटका बोलावला आणि म्हातारीला इस्पितळात पोहोचवलं.

“त्या दोघींचं रोज भांडण होतं,” त्या म्हणाल्या. “भाषा मला कळत नाही, पण आवाज भिंतीतून येतो.”

हे शेवटचं मी मनावर घेतलं नाही. सीमेकडची आमची माणसं भाजी कोणती करायची हे विचारतानाही शेजाऱ्याला वाटावं की आता डोकी फुटणार. पण फरफटत नेणं ही ऐकीव गोष्ट नव्हती. ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मी इस्पितळात गेलो. म्हातारी बेशुद्ध, श्वास चालू. डॉक्टरांनी तिच्या तोंडातून काढलेला हिरवा चोथा बाटलीत घालून ठेवला होता. मुलगा कामावरून परस्पर तिथे आला होता, अंगात अजून कारखान्याचा खाकी डगला. त्याने सांगितलं की थंडी पडल्यापासून आईचं रोज सकाळी डोकं दुखायचं, ओकाऱ्या व्हायच्या, दुपारपर्यंत बरं वाटायचं. आणि रोज संध्याकाळी सून तिला खोकल्यासाठी काढा करून द्यायची.

“दुसऱ्या कुणाच्या हातचं आई खात-पीत नाही, साहेब,” तो म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते माझ्या लक्षात आलं.

डॉक्टरांनी कागदावर ‘विषबाधेचा संशय’ लिहिलं. घरून आणवलेलं काढ्याचं भांडं आणि तो चोथा मी सील करून रासायनिक तपासणीला पाठवायची व्यवस्था केली आणि सुनेला ठाण्यात आणवलं.

वीस-एक वर्षांची पोर. बाकावर बसायला सांगितलं तर जमिनीवर बसली. ठाण्यात बाई पोलीस नव्हती, म्हणून रिवाजाप्रमाणे नवऱ्याला शेजारी बसवलं होतं. इन्स्पेक्टरसाहेब कन्नडात विचारत, मी मराठीत सांगत होतो.

“सासूला बाहेर कुणी नेलं?”

“मी न्हेलं. माझ्याच हातानं.”

“का?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“तोंडात काय घातलंस?”

तिने बोटाला पदराचा आणखी एक वेढा दिला. नवरा मध्येच उसळला, “बोल की आता! माझ्या आईचं काय केलंस?” तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान आणखी खाली घातली. मग तो साहेबांना म्हणाला, “हिला आत टाका. आई वाचली तरी मी हिला परत घरात घेणार नाही.”

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “एन्री, काय हो, कबुलीच आहे ही. जागेचा पंचनामा उरका आणि संध्याकाळच्या आत अटक दाखवा.” त्यांचं चूक नव्हतं. खुनाच्या प्रयत्नाच्या कलमात बसायला लागतं ते सगळं समोर होतं. एकदा अटक दाखवली की पुढे ती सुटली असती तरी तिला ना सासर राहिलं असतं ना धड माहेर. पण मला तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लागत नव्हता. गुन्हेगार बहुधा फार बोलतो. ज्याला लपवायचं असतं तो तुम्ही न विचारलेलंही सांगत सुटतो. ही पोर जे अंगाशी येईल ते कबूल करत होती, आणि ज्याने सुटका होईल तिथे गप्प बसत होती.

पंचनाम्याला पंच म्हणून त्या शेजारीणबाईंनाच घेतलं, शिवाय कोपऱ्यावरचा एक दुकानदार. अंगणात बघ्यांची गर्दी झाली होती, म्हणून स्वयंपाकघराचं दार-खिडकी लावून घेतली. सापडेल ते नंतर दाखवायचं म्हणून पंच बाहेर थांबले. आत मी आणि माझा एक हवालदार डबे, बाटल्या, भांडी तपासत होतो. सासूचं अंथरूण तिथेच होतं. थंडी सुरू झाल्यापासून ती चुलीजवळ निजायची.

थोड्या वेळाने हवालदार कपाळ दाबत म्हणाला, “सार, तले सुत्तुत्ते.” डोकं गरगरतंय. मी म्हटलं, सकाळपासून पोटात कॉफीसुद्धा नाही, दुसरं काय होणार? पण माझीही कानशिलं ठणकत होती. आम्ही ओसरीवर आलो, जरा बरं वाटलं. परत आत गेलो, परत तेच. दोघांच्याही पोटात त्या घरचा काढा गेलेला नव्हता. मग मी त्या खोलीत माणसांऐवजी वस्तूंकडे नीट पाहू लागलो.

भिंतीला लागून साहेबाच्या वेळची लोखंडी चूल होती. पुरुषाच्या कमरेइतकी उंच, वर जाड पत्रा, पोटात भट्टी, खाली हवेसाठी जाळीचं दार आणि मागून छपरापर्यंत गेलेलं धुराडं. अशा चुलीबद्दल मी लहानपणापासून ऐकून होतो. पण हिचा लोखंडी रंग कुठे दिसतच नव्हता. वरपासून खालपर्यंत शेणामातीने सारवलेली. रोज पोतेरं फिरवून फिरवून सगळ्या फटी बुजल्या होत्या, खालची जाळीही लिंपून गेली होती. हात लावला तर कोमट. वरचा पत्रा उचलला, तर राखेखाली निखारे धुमसत होते.

मी दार-खिडकी सताड उघडली आणि शेजारीणबाईंना आत बोलावलं. चूल पाहताच त्या तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, “अरे देवा, हिचा श्वासच कोंडलाय!” मग धुराड्याकडे बोट दाखवलं. तिथे एक दांडी होती. ती उभी असली की आतली झडप उघडी, आडवी केली की बंद. दांडी पुरती आडवी होती. त्यांच्या माहेरी अशीच चूल होती आणि आत विस्तव असताना झडप पूर्ण लावायची नाही, चुलीच्या खोलीत कुणी निजायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. धुराडं बंद असलं की निखाऱ्यांचा विषारी वायू वरच्या पत्र्याखालून खोलीतच साठतो, ना दिसतो ना त्याला वास येतो.

एवढं बोलून बाईंची नजर उघड्या दारातून अंगणाकडे गेली. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे तिने त्या म्हातारीला मोकळ्या हवेत आणलं.”

मी सायकल दामटत ठाण्यात आलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “झडप सुनेनेच मुद्दाम लावली नसेल कशावरून?” रास्त प्रश्न होता. मी नवऱ्याला बाहेर पाठवलं, दार उघडं ठेवलं, आणि फौजदाराची मराठी सोडून आमच्या घरी बोलतो तशी बोललो. “अक्का, मी पेठेतला. आपल्यातलाच. आता इथे तुझ्या घरचं कुणी नाही. सासूला बाहेर का नेलंस ते स्वल्प सांग बघू.”

ती रडायलाच लागली. मी रडू दिलं.

“च्या ठेवायला गेलो, अण्णा. आत्याबाईस्नी हाक मारली, तर वं न्हाई का चूं न्हाई. घशातनं घरघर यायली हुती. मला वाटलं, संपलं समदं. हे बी घरात न्हाईत. हातरुणावर जीव जाऊ नये म्हंत्यात. म्हणून भुईवर घेटलं. तुळशीपाशी न्हेलं. गंगा न्हवती घरात, तवा तुळशीचं पान पाण्यात बुडवून तोंडात घाटलं.”

“मग हे सकाळीच का नाही सांगितलंस?”

“कसं सांगू वो? जित्या माणसाला मेलं म्हणून भुईवर घेटलं, असं त्येंच्या लेकासमोर कसं बोलू? आत्याबाई अजून जित्या हाईत. असलं अभद्र तोंडातनं काढायचं व्हय?”

मी उठून खिडकीशी गेलो. फासासारखं कलम डोक्यावर लटकत होतं आणि ही पोर सासूला अपशकुन नको म्हणून गप्प बसली होती.

पण झडपेचा प्रश्न उरलाच होता. तो सोडवू शकणारी एकच व्यक्ती होती आणि ती बेशुद्ध होती. मी चुलीची सगळी हकिगत डॉक्टरांना कळवली, त्यांनी उपचार त्याप्रमाणे बदलले. साहेबांनीही अटक लांबवली, सुनेला शेजारीणबाईंच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी शुद्धीवर आली. मी डॉक्टरांच्या देखत जबाब घ्यायला बसलो. मुलगा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. सून दाराबाहेर, आत यायला धजेना.

“आजी, ती धुराड्याची दांडी कोण आडवी करायचं?”

“मी. दुसरं कोण?” म्हातारी क्षीण आवाजात, पण ठसक्यात म्हणाली. “समदी ऊब आभाळात जायाची. ऊब ऱ्हायली तर विस्तव सकाळपतूर टिकतोय. घरातला विस्तव इझू देऊ नये.”

“आणि ते पोतेरं?”

“ते बी मीच. त्या चुलीवर गोऱ्यांनी काय काय शिजवून खाल्लंय कुणाला ठावं! सारवल्याबिगर तिच्यावर दूध तरी ठेवीन व्हय मी?”

मग मी तिला बाकीचं सांगितलं. सांगताना मलाच धाकधूक वाटत होती. म्हातारी ऐकत राहिली. अंगणात कुणी नेलं, का नेलं, तोंडात पान कुणी घातलं, आणि नंतर ठाण्यात काय झालं. ऐकून झाल्यावर तिने मुलाकडे पाहिलं.

“पोरीनं मला मेली समजून भुईवर घेटलं, म्हणून मी जगलो. आणि तू जित्या बायकोला घराभायेर काढाय निघालास?”

मुलगा रडत होता. म्हातारीने दाराकडे तोंड करून हाक मारली, “ये गं आत. तिथं काय उभी ऱ्हायलीस परक्यागत?”

काढ्यात आणि त्या चोथ्यात आलं-तुळशीशिवाय काही निघालं नाही. प्रकरण दप्तरी दाखल झालं. म्हातारीला घरी सोडलं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. सासू-सून जटक्यात बसल्या. मुलगा चढायला लागला तशी म्हातारी म्हणाली, “तू ये चालत.” आणि तो खरंच सगळी वाट जटक्यामागून चालत गेला. मी हवालदाराकरवी चुलीवरची माती खरवडून काढली आणि झडपेची दांडी उभी करून तारेने बांधून टाकली, म्हणजे पुन्हा ऊब वाचवायचा मोह नको.

आता तशा चुली राहिल्या नाहीत, तसं बंगळूरही राहिलं नाही, आणि मला त्या धुक्याच्या सकाळींची फार आठवण येते. माझ्या घरी नंतर रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस. स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे का हे मी रोज जाऊन पाहायचो. बायको वैतागायची, सुनाही वैतागतात. वैतागू देत.

त्या प्रकरणाने मला एक पद्धत लावून दिली. शेजारीणबाई खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांनी पाहिलं तसंच घडलं होतं. कशासाठी घडलं, ते मात्र एकटी ती पोर सांगू शकत होती, आणि आम्ही ते तिला नवऱ्यासमोर विचारलं होतं. पुढे माझ्यासमोर कितीतरी बायका आल्या. दर वेळी आधी मी त्यांच्या घरच्या माणसांना बाहेर पाठवलं, दार उघडं ठेवलं आणि थांबलो. बहुतेक जणी आधी रडायच्या आणि मग खरं ते सांगायच्या.