पेंडीची पूड आणि चाचांचे पाहुणे

सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत मी उंदीर पोसून डॉक्टर व्हायला निघाले होते. शेंगदाण्याच्या पेंडीतल्या प्रथिनावर रासायनिक प्रक्रिया करून मी दुधात विरघळणारी पूड बनवली होती. ती खाऊन पांढरे उंदीर चार आठवडे धडधाकट राहिले की माझी पीएच.डी. पक्की. माझ्या मार्गदर्शक सरांना तर ती पूड बालवाडीतल्या पोरांच्या दुधात घालायची घाई झाली होती. तुलनेसाठी शेजारच्या पिंजऱ्यात दुधातल्या साध्या प्रथिनावर वाढणारे उंदीर होते.

पिंजरे झाडायला मंगळवार पेठेतले एक चाचा येत. उमेदीत त्यांनी तालमीतल्या पैलवानांचा खुराक सांभाळला होता. उंदरांकडेही ते त्याच नजरेनं बघत, 'हे खांद्यात भरलंय' वगैरे. मी हसायची.

चौथ्या आठवड्यात वजनं केली, तर माझे उंदीर चांगलेच गलेलठ्ठ. सरांनी पहिल्यांदाच मला चहा पाजला. संध्याकाळी मी खुशीत पिंजऱ्याखालचा ट्रे ओढला, तर त्यात हरभऱ्याची सालं.

"चाचा, हे काय?"

"भिजवल्यालं हरभरं. आनि वाईच म्हशीचं दूध," चाचा शांतपणे म्हणाले. "तुमची पूड ती तोंडाला लावीनात. पावणं उपाशी ठेवायचं व्हय? शेजारच्यास्नी न्हाय दिलं. त्येंचं बरं चाललंय की."

मला भयंकर राग आला. मग लबाडी सुचली. सालं फेकून दिली तर कुणाला कळणार? त्यांची पुडी बांधलीसुद्धा. पण बालवाडीतली पोरं डोळ्यांपुढून हलेनात. त्यांना चोरून हरभरे चारायला चाचा तिथं नसणार होते. दुसऱ्या दिवशी पुडी सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी चहाचं नाव पुन्हा काढलं नाही.

नवे उंदीर आले, खोलीची किल्ली माझ्या गळ्यात आली. दोन आठवड्यांत पूड खाणारे वाळून काडी झाले. तपासलं, तर मूत्रपिंडं सुजलेली. ती पूड का देऊ नये यावरच शेवटी माझा प्रबंध झाला, चांगली दोन वर्षं उशिरा.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या प्रथिनातला दोष पहिल्यांदा कधी लक्षात आला?

"दुसऱ्या प्रयोगाच्या दुसऱ्या आठवड्यात," मी ठणकावून सांगितलं.

चाचा पाणी घेऊन आले होते. त्यांनी परीक्षकांपुढं पेला ठेवला.

"माज्या पयल्याच दिवशी ध्यानात आलता की," ते म्हणाले, आणि सरांना पाणी द्यायला वळले.