बडबड्या हेर
कृषी केंद्रात सुपर फॉस्फेटचं पोतं फोडलं की त्या आंबूस वासासरशी मला घाटंजीकडचा बंजाऱ्यांचा एक तांडा आठवतो. कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि मी गावोगावचा इतिहास वहीत उतरवत फिरत होतो. महायुद्धाच्या काळात तिथल्या टेकडीवर कुणीतरी खताचा दगड शोधायला खड्डे खणले होते म्हणे. ते मोजून, पिशवीत दगड भरून मी तांड्यात आलो आणि विचारत सुटलो, कुणाचं शेत कुठं, विहीर कुठं. झालं! तेव्हा खाणीत जमिनी जाणार अशी आवई उठली होती. "खाणवाल्यांचा हेर हाय हा," म्हणत लोकांनी मला तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या ओट्यावर बसवलं आणि माझी वर्षभराची वही चुलीत घालायला निघाले. तेवढ्यात नायकाची म्हातारी आई काठी टेकत पुढे आली. "खरा हेर म्या पाह्यला," ती म्हणाली. "लढाईच्या टायमाले दगडं शोधाच्या नावानं आपल्याच तांड्यात राह्यलता. तो गेल्यावर पोलीस आले, तवा समजलं. दोन महिने भाकर खाल्ली, पण दहा शब्द नाही बोलला. हा तर आल्यापासून तोंड मिटून नाही राह्यला. असा बडबड्या कोणतं सरकार हेर ठेवीन?" अख्खा तांडा हसला आणि नायकानं वही परत दिली. ज्या तोंडापायी शाळेत छड्या खाल्ल्या, त्यानंच मला वाचवलं होतं! मग ती माउली त्या अबोल पाहुण्याची गोष्ट सांगू लागली आणि संध्याकाळपर्यंत मी चक्क गप्प बसून ऐकलं. गेली तीस वर्षं मी त्या हेराची गोष्ट मीच शोधून काढलेली म्हणून रंगवून सांगतोय. आज पहिल्यांदा कबूल करतो, ती तिची आहे.