खाजणवाल्यांची पहिली चिठ्ठी

सागराला मिळतानाही जिचे पावित्र्य सरत नाही, त्या गंगामातेला वंदन करून, आज खाजणवाल्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी हे लिहायला बसलो आहे.

मयूर विहारातील आमच्या सोसायटीत त्यांच्या बाल्कनीत, तुळशीशेजारी, चिखलाने माखलेले गमबूट वाळत असत. देह दिल्लीत आणि जीव पूर्व किनाऱ्यावरच्या खाजणात, म्हणून हे नाव.

मला त्यांचा मत्सर वाटे. मी गीता सांगताना पेंगणारे श्रोते, मासे अंडी कुठे घालतात हे ते सांगू लागले की सरसावून बसत. आमची सौभाग्यवती म्हणे, "तुम्ही बोललात की लोक नमस्कार करतात, ते बोलले की लिहून घेतात."

पुढे एका त्रिभुज प्रदेशात आधी काय वाचवायचे, हे ठरवणाऱ्या समितीत आम्ही दोघेही आलो. खाजणांचे अभ्यासक म्हणून ते, तीर्थांचा जाणकार म्हणून मी. तिथल्या संगमावरील बेटावरच्या देवळात माझ्या गुरूंनी देह ठेवला होता. खाजणवाले एकेका गोष्टीची चिठ्ठी करून टेबलावर क्रमाने मांडत. पहिल्या पाचांचेच रक्षण होणार होते. त्यांनी पहिला ठेवला नदीचा गाळ, देऊळ सातवे. गुरुस्थानापेक्षा गाळ श्रेष्ठ? जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होताच मी दोन्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

"ये किसने बदला?" अध्यक्षांनी परत येताच विचारले.

खाजणवाल्यांनी माझ्याकडे पाहिले. "पंखा तेज है, सर. उड़ गई होंगी."

प्रत्येक चिठ्ठीवर पेपरवेट होते.

मग मला हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, वरून गाळ यायचा थांबला की ते बेट खचत जाणार. देवळाचं जोतं आत्ताच भरतीला भिजतं. तुम्ही ठरवा, घाई बिल्कुल नाही."

मी माझ्याच हाताने गाळ पुन्हा वर नेला.

त्यांच्या विद्येचा मत्सर तेव्हा ओसरला. ते गेल्यावर, मनावरचे ओझे उतरवावे म्हणून, त्यांच्या पत्नीला हे सारे सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले. "अच्छा, ती चिठ्ठी! ते सगळ्यांना सांगायचे, आमच्या यादीत गाळ पहिला ठेवला तो शास्त्रीबुवांनी."

एवढे मोठे मन मला का लाभले नाही, हा मत्सर मात्र अजून जात नाही.

वाचकहो, ज्याचा हेवा वाटावा असा सज्जन तुमच्या शेजारी नांदो, आणि तुमच्या कुळाच्या पायाखालची भूमी गंगामाता सदैव भरीत राहो.