नळीतली हवा
डिझेलचा वास आला की मला पळसदरीचा तो रस्ता दिसतो. पासष्टची लढाई नुकतीच संपली होती. अडलेल्या नणंदेला जुन्या लॉरीतून कर्जतच्या दवाखान्यात नेताना वाटेत डिझेल संपलं. ड्रायव्हरने डब्यातलं ओतलं, तरी इंजिन सुरू होईना. "नळीत हवा शिरलीय, वैनी. मी नट सैल करतो, तुमी हा पंप दाबत रावा." मी पदर खोचून दाबू लागले. नटातून नुसता फेस येत होता आणि मागे नणंद कण्हत होती. "झालं का?" मी विचारलं. "नाय, अजून हवा हाय." शेवटी स्वच्छ धार लागली, त्याने नट आवळला आणि इंजिन धडधडलं. भाची दवाखान्यातच सुखरूप जन्मली. पुढे गावच्या भातगिरणीचं इंजिन असंच अडलं, तेव्हा मी नळीतली हवा काढून दिली; मग ते अडलं, की माणसं मला बोलवायला येऊ लागली. आता माझे हात थरथरतात, पण हवा कुठे अडकलीय ते बसल्या जागेवरून सांगते.