फुलवंतीचं अक्षर

हजेरी संपली की फुलवंती आपली आपण उठून "हजर" म्हणायची. तिचं नाव हजेरीत नव्हतंच. बऱ्हाणपूरकडून वीटभट्टीवर आलेल्या माणसांची पोर. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून रोहिणखेडच्या आमच्या शाळेत ती नुसती बसायची. वर्ग हसायचा. "दाखला नाही म्हून मी दिसत नाही का तुमाले?" ती विचारायची. आमची बोली तिनं दोन महिन्यांत उचलली होती, भांडण्यापुरती तर आमच्याहून चांगली.

तिसरीत असताना कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये चारा सारताना तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. आम्हाला वाटलं, संपली हिची शाळा. महिन्याभरानं हाताला फडकं गुंडाळून ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि डाव्या हातानं अ गिरवायला लागली. वही पुरेना, तेव्हा भट्टीवरच्या ओल्या विटांवर काडीनं लिहायची. मालक शिव्या द्यायचा. गावातल्या कितीतरी भिंतींत, गिलाव्याखाली, तिची बाराखडी अजून असेल. दुखत नाही का, मी एकदा विचारलं.

"दुखते ना. मंग काय रडतच बसू?"

पुढच्या दिवाळीनंतर तिचे आईबाप पुन्हा त्याच भट्टीवर आले. तोवर तिचं अक्षर वर्गात कुणाला हार जात नव्हतं. सरांनी तिला शब्द दिला: तालुक्याच्या हस्ताक्षर स्पर्धेत नंबर आण, हेडसरांना सांगून तुझं नाव पटावर चढवतो. तिनं जीव ओतून कागद लिहिला. पण पटावर नसलेल्या मुलीचा कागद पाठवता येईना, म्हणून सरांनी त्यावर माझं नाव घातलं. पहिला नंबर आला. "आता बोललो तर आपलीच चोरी उघडी पडेल," सर तिला म्हणाले. सर वाईट नव्हते, भित्रे होते. मला तर भीतीचीही सबब नाही. मला टाळ्या आवडल्या. एक मे रोजी झेंड्यासमोर हेडसरांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा मी एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं.

पावसाच्या आधी भट्टी बंद झाली. बिऱ्हाड ट्रकवर चढत होतं, तेवढ्यात ती आमच्या दारात आली. "ते प्रमाणपत्र दाखव ना वं," म्हणाली. बराच वेळ पाहत राहिली. मग माझी पेन्सिल मागितली.

"मांगच्या बाजूनं माह्यं नाव लिहू दे. बारीकच लिहीन. कोणाले दिसणार नाही."

मी प्रमाणपत्र तिच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे वं," म्हटलं, "खराब होईन ते."